मनगट दुखतंय की हात बधिर होतोय? वजन उचलणाऱ्यांनी आधी हे दोन वेगळे करावेत

बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) मारताना मनगटात कळ येते आणि सेट संपला की करंगळीत मुंग्या येतात. जिममध्ये या दोन तक्रारी एका दमात सांगितल्या जातात आणि सल्लाही एकच मिळतो: रिस्ट रॅप (मनगटाला आधार देणारा पट्टा) बांध, होईल ठीक. पण दोन्हींचं मूळ वेगळं असतं. दुखणं बहुतेकदा सांध्यावर, हाडाला हाडाशी बांधणाऱ्या लिगामेंटवर किंवा स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांवर वाकड्या कोनात भार पडल्यामुळे येतं. मुंग्या आणि बधिरपणा हा नसेचा मामला आहे. नस म्हणजे इथे चेतातंतू, रक्त वाहणारी शीर नव्हे. ही नस मनगटातच दबली असेल असंही नाही. कोपरात, कॉलरबोनखाली किंवा थेट मानेतही दबलेली असू शकते.

दुखत असलं तरी वजन कमी करून, पकड बदलून व्यायाम बराचसा चालू ठेवता येतो. बधिरपणा अंगावर काढत वजन उचलू नये. नस बराच काळ दबून राहिली तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू वाळू लागतो, आणि वाळलेला स्नायू पुन्हा पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते.

बधिर कोणतं बोट होतं, ते नीट बघा

हातात तीन मुख्य नसा उतरतात: मीडियन, अल्नर आणि रेडियल. प्रत्येकीचा इलाका ठरलेला आहे. त्यामुळे "हात बधिर होतो" एवढ्यावर न थांबता नेमकं कोणतं बोट, बोटाची कोणती बाजू, आणि बधिरपणा मनगटाच्या वर चढतो का, हे लिहून ठेवा. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तपासणीचा निम्मा वेळ वाचेल.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू हा मीडियन नसेचा इलाका. मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, त्याला कार्पल टनेल म्हणतात. तळाला आणि बाजूंना हाडं, वर जाड आडवा पट्टा, आणि आतून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा व ही एक नस. बोगदा ताणून मोठा होत नाही. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना आतला दाब साधारण २.५ मिमी पारा एवढाच असतो. मनगट पुढे किंवा मागे पूर्ण वाकवलं की तो ३० च्या आसपास जातो. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांच्यात तो मनगट सरळ असतानाही ३० च्या घरात असतो आणि वाकवल्यावर ९० च्या पुढे जातो. मनगट सरळ ठेवा असं सारखं सांगितलं जातं त्यामागे हे आकडे आहेत. या त्रासात रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. तळहाताचा मधला भाग मात्र सहसा बधिर होत नाही, कारण तिथली त्वचा सांभाळणारी फांदी बोगद्यात शिरण्याआधीच वेगळी झालेली असते.

करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नसेकडे असते. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की ज्या झिणझिण्या येतात त्या हिच्याच. कोपराच्या आतल्या बाजूला ती अगदी त्वचेखालून जाते. कोपर जितकं जास्त दुमडाल तितकी ती ताणली जाते, आणि जायची वाटही अरुंद होते. म्हणून खाली झोपून कपाळापर्यंत बार आणायचा ट्रायसेपचा (दंडाच्या मागच्या स्नायूचा) व्यायाम, लो-बार स्क्वॉट (बार मानेऐवजी पाठीवर जरा खाली ठेवून मारायच्या बैठका), आणि उशीखाली हात दुमडून झोपणं या तिन्हींचा परिणाम एकच होऊ शकतो. हीच नस पुढे तळहाताच्या टाचेतून, करंगळीच्या बाजूने जाते. तिथे बार रुतला किंवा बाइकचं हँडल तासभर दाबलं गेलं तरी करंगळी बधिर होते. कोपर की मनगट, हे ओळखायला एक खूण आहे. हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मागचा भागही बधिर असेल तर दाब मनगटाच्या वर कुठेतरी आहे, कारण त्या भागाची फांदी मनगटाच्या काही सेंटिमीटर आधीच सुटते. हाताची पाठ ठीक आणि फक्त तळव्याकडची बाजू बधिर असेल तर मनगटाकडे बघा.

करंगळीबरोबर कोपरापर्यंतचा आतला हातही बधिर होत असेल तर दोष कोपराचा नाही. हाताच्या त्या भागाची त्वचा अल्नर नस सांभाळतच नाही. अशा वेळी मान किंवा कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीमधली अरुंद जागा तपासायला हवी. डेडलिफ्टमध्ये किंवा जड डंबेल घेऊन चालताना खांदे खाली ओढले जातात आणि तिथून जाणारा नसांचा जुडगा ताणला जातो. खांदे सतत मागे आणि खाली आवळून "छाती काढून" उभं राहण्याच्या सवयीनेही ही फट अरुंद होते.

अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर बधिरपणा असेल तर आधी स्ट्रॅप, रॅप आणि घड्याळ सैल करा. रेडियल नसेची एक फांदी तिथे हाडालगत उघडी असते आणि करकचून बांधलेला पट्टा तिला चेपतो. या फांदीचं काम फक्त संवेदनेचं असल्यामुळे पकडीतली ताकद जात नाही. दाब काढल्यावर बहुतेकांचं काही दिवसांत ते उतरतं, काहींना मात्र बरेच आठवडे लागतात.

मान हे कारण असेल तर बोटांसोबत खांद्याच्या फऱ्याजवळ दुखतं, मान त्या बाजूला आणि मागे झुकवली की कळ हातात उतरते, आणि हात डोक्यावर ठेवला की आराम पडतो. अंगठा व तर्जनी बधिर असतील तर सहावी मानेची नस, मधलं बोट असेल तर सातवी, करंगळी असेल तर आठवी, असा ढोबळ हिशेब असतो. सातवी नस ट्रायसेपलाही जाते. म्हणून बेंच प्रेसच्या शेवटच्या रेप्सना बारची एकच बाजू मागे राहायला लागली आणि त्याच हाताचं मधलं बोट बधिर असेल, तर ती स्नायूची कमजोरी समजून त्या बाजूला जास्तीचे सेट मारू नका. आधी मान दाखवा.

दोन्ही हात सारखेच बधिर होत असतील तर बार आणि पकड बाजूला ठेवून रक्त तपासा: साखरेसाठी एचबीएवनसी, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि बी-ट्वेल्व्ह. शुद्ध शाकाहारी घरांमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी असणं अगदी नेहमीचं आहे. डब्यातल्या पावडरींचाही विचार करा. व्यायामाआधी घ्यायच्या अनेक मिश्रणांत बीटा-ॲलनिन असतं. त्याने घेतल्यापासून १५-२० मिनिटांत चेहरा, मान आणि हातांवर चुणचुण होते आणि तासाभरात जाते. ती निरुपद्रवी आहे. बी-सिक्स मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर मात्र नसा खरोखर बिघडतात. आणि ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये अंगात पाणी साठून मीडियन नस दबते. कुणी घेत असेल तर ते डॉक्टरला सांगायलाच हवं, नाहीतर सगळे उपचार भलत्या दिशेने जातील.

मनगट दुखतं तेव्हा बोट ठेवून दाखवा

करंगळीच्या बाजूला, हाडाच्या गाठीच्या जरा पुढे दुखतं, दाराची गोल मूठ फिरवताना कळ येते, कधी कट्‌ असा आवाज होतो: इथे टीएफसीसी नावाची कूर्चा आणि लिगामेंटची चटई असते, ती दुखावलेली असण्याची शक्यता आहे. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवून अंग वर उचला. नेमकी तिथेच कळ आली तर शंका बळावते. सरळ बारने बायसेप मारताना मनगट करंगळीकडे वाकतं किंवा पुरतं पिळलं जातं, तेव्हा याच भागावर ताण येतो.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच झुकवा. जोरात कळ आली तर अंगठा उघडणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज असू शकते. पण पडून हात टेकला असेल किंवा बार निसटून मनगट मागे मोडलं असेल, आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर स्कॅफॉइड हाडाला तडा गेला नाही ना हे बघणं गरजेचं आहे. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत हा तडा अनेकदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ असला तरी हात बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा तपासतात किंवा एमआरआय काढतात. या हाडाचा रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही.

मनगटाच्या पाठीवर मध्यभागी दुखणं हे जोर, पुशअप आणि फ्रंट स्क्वॉट यांचं. मनगट मागे ९० अंशांपर्यंत वाकतं आणि त्यावर भार येतो. आणि मनगटाच्या चार बोटं वर, अंगठ्याच्या बाजूला सूज व मनगट हलवताना करकर जाणवत असेल तर तिथे एकमेकींवरून जाणाऱ्या कंडरा घासून सुजल्या आहेत. पुल-डाउन, रोइंग यांचे सेट अचानक वाढवले की हे होतं. दोन-तीन आठवडे ते व्यायाम थांबवले की सहसा शांत होतं.

बार तळहातात कुठे बसतो

बेंच प्रेसमधली मनगटदुखी सर्वात जास्त वेळा इथेच सुटते, म्हणून हे सावकाश वाचा. बहुतेक जण बार बोटांच्या मुळाशी, जिथे घट्टे पडतात तिथे धरतात. डेडलिफ्टसाठी ती जागा बरोबर आहे, कारण तिथे बार लटकायचा असतो. प्रेसमध्ये मात्र बार वरून दाबतो. बोटांच्या मुळाशी धरलेला बार हाताच्या हाडांच्या रेषेच्या काही सेंटिमीटर मागे राहतो आणि प्रत्येक रेपला मनगट मागे मोडतो. वजन जितकं जास्त तितकी ही मोड जास्त.

सुधारायचं असं: रॅकवरच्या बारखाली हात नेताना पंजे किंचित आत वळवा, म्हणजे अंगठे थोडे खाली झुकतील. बार अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातून तिरका, तळहाताच्या टाचेपर्यंत, करंगळीखालच्या मांसल उंचवट्याच्या आतल्या बाजूला टेकवा. तो करंगळीकडच्या टोकावर रुतवू नका, तिथे अल्नर नस आहे. आता बोटं मिटा आणि अंगठा बारभोवती घ्या. अंगठा बाहेर ठेवूनही बार याच जागी बसतो आणि काहींना तसं दुखतही कमी, पण बार निसटला तर छातीवर किंवा गळ्यावर येतो. हा धोका पत्करण्यासारखा नाही. मनगट अगदी सरळ ताठ हवं असं नाही, १०-१५ अंश मागे गेलं तर चालतं. मोबाइल बेंचच्या बाजूला ठेवून व्हिडिओ काढा: बार छातीला टेकतो तेव्हा बार, मनगट आणि कोपर एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. समोरूनही काढा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा नसेल तर पकड फार रुंद किंवा फार अरुंद आहे.

ही पकड आधी २० किलोच्या रिकाम्या बारवर बसवा. पहिल्या आठवड्यात बार अस्थिर वाटतो, म्हणून नेहमीच्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका.

लो-बार स्क्वॉटमध्ये चूक वेगळी असते. बार पाठीवर, खांद्यांच्या मागच्या स्नायूंच्या कपारीत बसायला हवा. हात फक्त तो सरकू नये म्हणून असतात. खांदे आखडलेले असतील आणि हात फार जवळ घेतले तर कोपर मागे-वर उचललं जातं, मनगट मोडतं आणि वजनाचा वाटा हातांवर येतो. त्यावर कोपर पूर्ण दुमडलेलं असल्याने करंगळी बधिर व्हायला दोन सेट पुरतात. हात दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं रुंद घ्या, अंगठा बारच्या वरून ठेवा, गरज पडली तर करंगळी बारबाहेर सोडा. एवढ्याने भागलं नाही तर काही आठवडे बार वर, मानेच्या खालच्या जाड स्नायूवर घेऊन स्क्वॉट करा.

फ्रंट स्क्वॉटमध्ये बार मुठीत धरायचाच नसतो. तो खांद्यांवर बसतो, खाली दोन-तीन बोटं अडकवलेली पुरतात आणि कोपरं उंच असतात. तेवढंही मनगट वळत नसेल तर बारला दोन स्ट्रॅप बांधून ते धरा. बायसेपसाठी सरळ बारऐवजी वाकडा ईझेड बार किंवा डंबेल घ्या आणि वर येताना मूठ आत दुमडू नका. जोर मारताना मनगट दुखत असेल तर सपाट जमिनीऐवजी लाकडी हत्ते किंवा षट्कोनी डंबेल धरून मारा. मनगट सरळ राहतं आणि छातीला मिळायचं ते काम मिळतंच.

रिस्ट रॅप वाईट नाही, पण जड सेटसाठी आहे. रोजच्या हलक्या सेटना बांधला तर चुकीची पकड झाकली जाते. रॅप सांध्यावरच यायला हवा. अनेक जण तो मनगटाच्या खाली, घड्याळाच्या जागी बांधतात, तिथे त्याचा काहीच आधार मिळत नाही. सेट संपताच सोडा. बांधल्यावर बोटं जांभळी पडत असतील तर तो जास्त आवळला आहे.

पहिले सहा आठवडे

दुखण्यासाठी ० ते १० अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाएवढंच किंवा कमी असायला हवं. वाढलं असेल तर वजन २० टक्के उतरवा. मनगट मजबूत करायला हात टेबलावर टेकवून १-२ किलोच्या डंबेलने मनगट वर-खाली करा: १५ चे ३ सेट, खाली सोडताना तीन सेकंद, एक दिवसाआड. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून तळवा सावकाश वर-खाली फिरवणं करंगळीच्या बाजूच्या दुखण्यात उपयोगी पडतं. फिरवताना दुखत असेल तर हातोडी तिच्या लोखंडी डोक्याजवळ धरा, भार हलका होतो. कंडरा बऱ्या व्हायला ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे दहा दिवसांत फरक नाही म्हणून उपाय बदलत राहू नका.

बधिरपणासाठी नियम कडक आहे. ज्या व्यायामात मुंग्या येतात तो थांबवायचा, नुसता हलका करायचा नाही. मीडियन नसेसाठी रात्री मनगटाचा स्प्लिंट (मनगट हलू न देणारा पट्टा) सहा आठवडे वापरतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकवून ठेवते. ती पट्टी बाहेर काढून सरळ करा आणि पुन्हा घाला. अल्नर नसेसाठी मोठा टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळून झोपा, म्हणजे कोपर झोपेत पूर्ण दुमडणार नाही. फोन कानाला लावून तासन्‌तास बोलणं, खिडकीवर कोपर टेकवून गाडी चालवणं हेही तेवढ्यापुरतं सोडा. नस तिच्या वाटेत पुढे-मागे सरकवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. ते ताणून धरायचे नसतात, ५-१० वेळा अलगद हालचाल करून सोडायचे असतात. नंतर मुंग्या टिकल्या तर तो व्यायाम जास्त झाला आहे.

इथे वाट पाहू नका

व्यायामानंतर एका दिवसात पूर्ण हात सुजला, जड झाला, निळसर पडला आणि खांद्याजवळ शिरा उठून दिसू लागल्या तर कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तरुण, पिळदार व्यायामपटूंमध्ये हे होतं आणि स्नायू ताणला असेल म्हणून शेकत बसण्यात मोलाचा वेळ जातो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हात बधिर होताना छातीत दाब आणि घाम, किंवा चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं असेल तर १०८ ला फोन करा. दोन्ही हात अवघडल्यासारखे होऊन शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, ही मानेतला मज्जारज्जू दबल्याची लक्षणं आहेत, तीही तातडीचीच.

ताकद जाते आहे का हे घरीही बघता येतं. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा आणि कुणाला तरी तो ओढायला सांगा. धरून ठेवताना अंगठ्याचं टोक दुमडलं तर अल्नर नसेचा स्नायू कमजोर आहे. दोन्ही हातांच्या पाठी शेजारी धरून अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग एकीकडे खोल गेलाय का, आणि तळव्याच्या बाजूला अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालाय का, हे उजेडात बघा. यातलं काही दिसलं, किंवा बधिरपणा दिवसभर टिकू लागला, तर सहा आठवडे थांबू नका. हँड सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट नसेचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणी सांगतील. त्रास अगदी नवा असेल तर ती नॉर्मलही येऊ शकते, म्हणून लक्षणं चालू राहिली तर पुन्हा दाखवा. नसेचे धागेच तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिमी वेगाने वाढतात. कोपरापासून बोटांपर्यंत हिशेब केला तर वर्ष लागतं.

बधिरपणा पूर्ण गेल्यावर दोन आठवडे तसेच जाऊ द्या. मग सोडलेला व्यायाम जुन्या वजनाच्या निम्म्यावर, बदललेल्या पकडीने सुरू करा आणि दर आठवड्याला ५ ते १० टक्के वाढवा. एखाद्या आठवड्यात रात्री पुन्हा मुंग्या आल्या तर मागच्या आठवड्याच्या वजनावर परत या, आणि त्या आठवड्यात झोपेत हात कसा होता, बाइक किती चालवली, तेही लिहून ठेवा.